संहितासंग्रह आणि संगणकाची स्मृती

पाठभेदांच्या नोंदी, शब्दसूची, ओवीसंग्रह ही कामे आता बहुधा एखाद्या डेटाबेसवर चालतात. असा संग्रह सांभाळणारा संगणक मंदावला की ‘स्मृती अपुरी आहे’ असे ठरवून नवी सामग्री विकत घेण्याचा मार्ग सोयीचा वाटतो. परंतु स्मृतीचा वापर जास्त दिसणे आणि स्मृती कमी पडणे या दोन भिन्न गोष्टी होत. (मुळात ‘स्मृती’ हा शब्दच येथे थोडा फसवा आहे. वीज जाताच पुसली जाणारी ही जागा धूळपाटीला अधिक जवळची.)

लिनक्स ही प्रणाली मोकळी जागा मोकळी ठेवीत नाही. वाचलेल्या फाइलींची पाने ती तेथेच राखते व मागणी येताच सोडून देते. म्हणून ‘फ्री’ या आज्ञेच्या उत्तरात ‘अव्हेलेबल’ हा रकाना पाहावा. दुसरी फसगत बेरजेची. पोस्टग्रेस प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र प्रक्रिया उभी करते. या सर्व प्रक्रिया एकच सामायिक स्मृती वापरतात, आणि ती प्रत्येकीच्या हिशेबात पुनःपुन्हा मोजली जाते. वाड्यातील वीस बिऱ्हाडांनी एकच अंगण आपापल्या नावे लावावे, तसाच हा प्रकार.

हे आभास दूर केल्यावर, खरोखर वाढते आहे ती प्रक्रिया डेटाबेसची की त्यातून वाचणाऱ्या कार्यक्रमाची, हे पाहावे. पुष्कळदा दोष दुसरीकडे असतो. ‘ज्ञानेश्वरी’ या शब्दात डोळ्यांना चार अक्षरे दिसतात. युनिकोडच्या लेखी ती अकरा चिन्हे असून यूटीएफ-८ पद्धतीत त्यांना 33 बाइट लागतात. एका शब्दाचा भार हा एवढा. आणि वाचणारा कार्यक्रम मात्र शोधाचे संपूर्ण उत्तर एकदम मागून घेतो, कारण पोस्टग्रेसच्या नित्याच्या जोडण्यांची रीतच तशी आहे. डेटाबेसमध्ये ‘कर्सर’ उघडून हजार-हजार ओळी मागविल्या, तर हा भार पुष्कळ उतरतो.

डेटाबेसच दोषी ठरला, तर ‘वर्क मेम’ ही मर्यादा तपासावी. ती मुळात 4 मेगाबाइट असते. मात्र ती जोडणीमागे नसून शोधातील प्रत्येक क्रमवारीमागे असते, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. अकारविल्हे सूची लवकर निघावी म्हणून कोणी ती 256 केली, आणि चार क्रमवारींचा शोध वीस अभ्यासकांनी एकाच वेळी चालविला, तर मागणी 20 गिगाबाइटपर्यंत जाऊ शकते. जागा संपली की लिनक्स एखादी प्रक्रिया ठार करते. ती पोस्टग्रेसची निघाली, तर उरलेल्या सर्व जोडण्याही तुटतात, आणि ज्याचे संपादन अजून पक्के झाले नव्हते, त्याचे तेवढे काम जाते.

‘एक्स्प्लेन ॲनलाइझ’ या आज्ञेने क्रमवारी स्मृतीत झाली की तबकडीवर, हे कळते. ती तबकडीवर होत असेल, तर मर्यादा त्या एका सत्रापुरतीच वाढवावी. सर्वांसाठी वाढविण्याचे कारण नाही.