शेडमधली आग, ट्रॅक्टर आणि विमा



गाळप हंगाम संपला की ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर घरी येतो आणि शेडमध्ये उभा राहतो. त्याच सुमारास ज्वारी निघते, कडबा येतो, आणि पावसाळ्याआधी तो आडोशाला रचायचा असतो. मग एका अंगाला ट्रॅक्टर, दुसऱ्या अंगाला कडबा, कोपऱ्यात डिझेलचा कॅन, भिंतीवर मोटारीचा स्टार्टर आणि पलीकडे दावणीला जनावरं, असा सगळा संसार एकाच पत्र्याखाली येतो. आगीची सोय आपणच करून ठेवतो म्हणा ना!

उभा ट्रॅक्टर आपणहून क्वचितच पेटतो. आधी शेजारची वैरण पेटते, मग टायर, वायरिंग आणि डिझेलची टाकी पाठोपाठ जातात. म्हणून वैरण आणि यंत्र यांची ताटातूट करणे हाच पहिला इलाज. दुसरी शेड बांधायला नको. कडब्याची गंज मोकळ्या जागी, शेडपासून लांब रचली तरी पुष्कळ झाले. कडबा ओलसर असताना दाबून रचू नये. आत तो कुजू लागतो, तापतो, आणि काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीसुद्धा, आपोआप पेट घेतो. शंका आली तर गंजीत पहार खुपसून पाव तासाने काढून बघावी. हाताला चटका बसत असेल तर पाणी जवळ ठेवूनच गंज उकलावी, कारण आतल्या धगीला हवा मिळताच भडका उडतो.

विजेचे तर काय सांगावे! शेतीची लाईट पुष्कळ ठिकाणी रात्रपाळीला येते. आपण स्टार्टरला ऑटो स्विच लावून झोपतो. रात्री दोनला मोटार सुरू होते, सैल जोडणीवर ठिणगी पडते, आणि बघायला कोणी नसते. फ्यूज सारखा उडतो म्हणून जाड तार घालणारे महाभागही गावोगाव आहेत. फ्यूज जळतो तो वायर जळू नये म्हणून. जाड तार घातली की वायरच जळते. स्टार्टरची पेटी शेडबाहेर, वर छप्पर करून बसवावी. ट्रॅक्टर बरेच दिवस उभा राहणार असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवावी. उंदरांनी कुरतडलेल्या वायरीतून मग ठिणगी पडत नाही. खोडव्याचे पाचट पेटवल्यावर वाऱ्याने ठिणग्या वस्तीपर्यंत येतात, हेही ध्यानात असावे. पाचट कुजवले तर जमिनीचाही फायदा आहे.

शेडच्या दाराशी पावडरचा सहा किलोचा एबीसी सिलिंडर टांगून ठेवावा. पेटत्या डिझेलवर किंवा चालू विजेवर पाणी मारू नये. आधी मेन स्विच पाडावा. जनावरांची दावी जमेल तेवढी सोडावीत, पण ट्रॅक्टर काढायला पेटत्या शेडमध्ये कोणी शिरू नये.

आता विम्याचे. "आमचा विमा आहे की," असे पुष्कळ जण सांगतात. कागद उघडला की तो निघतो थर्ड पार्टी. तो कायद्याने सक्तीचा आहे खरा, पण आपल्या वाहनामुळे दुसऱ्याचे नुकसान झाले तर तो भरून देतो. आपला ट्रॅक्टर जळाला तर त्यातून एक रुपयाही मिळत नाही, आणि बँकेचा हप्ता मात्र चालूच राहतो. आगीसाठी सर्वसमावेशक, म्हणजे आपण फुल म्हणतो तो, विमा लागतो. ट्रॉलीची नोंद वेगळी, रोटाव्हेटर आणि पेरणीयंत्र यांचाही वेगळा विचार करावा. ट्रॅक्टरच्या पॉलिसीत ते आपोआप येत नाहीत. पॉलिसीवर शेतीकाम लिहिलेले आणि प्रत्यक्षात भाड्याने वाहतूक, असे असेल तर दाव्याच्या वेळी वाद निघतो. वापर खरा तोच लिहून घ्यावा.

भरपाई नव्या ट्रॅक्टरच्या किमतीने मिळत नाही. पॉलिसीवर आयडीव्ही म्हणून जो आकडा असतो, ती कमाल मर्यादा. दुरुस्तीचा खर्च त्या आकड्याच्या ७५ टक्क्यांवर गेला तर वाहन पूर्ण गेले असे धरतात. थोडेच जळाले असेल तर टायर, बॅटरी, प्लॅस्टिक यांच्या किमतीतून साधारणपणे ५० टक्के घसारा कापतात. कर्ज असेल तर पैसे आधी बँकेकडे जातात.

आग विझली की सामान हलवू नये, सांगाडा भंगारवाल्याला देऊ नये. त्याच दिवशी विमा कंपनीला आणि बँकेला कळवावे, पोलिसांत नोंद करावी, तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा, आणि इंजिन व चासी नंबर दिसतील असे फोटो काढावेत. सर्व्हेअर येईपर्यंत "बघू चालू होतो का" म्हणून स्टार्टर मारू नये; सील, पाइप आणि वायरिंग आतून गेलेले असते. आरसी, पॉलिसी, खरेदीची बिले घरातल्या पेटीत असावीत. ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये ठेवलेली ट्रॅक्टरबरोबरच जळतात.

दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार द्यावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे अर्ज करता येतो. त्यांचे कार्यालय पुण्यातही आहे. फी लागत नाही, वकीलही लागत नाही. कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत मात्र अर्ज गेला पाहिजे.