तालमीतले संकेतस्थळ

(द्वितीय वर्ष, बी. ए.)

कोणतेही नाटक थेट प्रेक्षकांपुढे उभे राहत नाही. आधी वाचन होते, मग तालमी, त्यानंतर रंगीत तालीम आणि शेवटी प्रयोग. स्नेहसंमेलनाच्या एकांकिकेत ज्यांनी नुसता पडदा ओढला असेल त्यांनाही हे ठाऊक आहे. संकेतस्थळालाही तालीम लागते, आणि ती कोठे व कशी करावयाची, हे या लेखात सांगण्याचा विचार आहे.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने हा विषय का घ्यावा, असे काही वाचक विचारतील. त्याचे कारण असे. आमच्या वर्गातील काही जणांनी गावोगावच्या वृद्धांकडून बोलीतील शब्द गोळा करण्याचे काम हाती घेतले आहे. मोटेचेच पाहा. नाडा, धाव, थारोळे हे शब्द विहिरीवर इंजिन आले आणि मागे पडले. आता ते ऐंशीच्या घरातल्या माणसांच्या तोंडी तेवढे उरले आहेत. माझे आजोबा त्यांपैकी एक. हे शब्द संकेतस्थळावर ठेवावेत, आणि कोणालाही आपल्या गावचा शब्द तेथे स्वतः लिहिता यावा, असे ठरले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. संगणकाचे कोणाला विचारावे अशी सोय घरी नव्हती. तेव्हा संगणक प्रयोगशाळेत बसून आणि एका जुन्या लॅपटॉपवर करून पाहून जे समजले ते येथे मांडते.

सर्व्हर म्हटले की थंड खोलीतले मोठे यंत्र डोळ्यांपुढे येते. वास्तविक सर्व्हर हे एक काम आहे, आणि ते करणाऱ्या प्रोग्रॅमलाही तेच नाव आहे. ब्राउझर पान मागतो, सर्व्हर ते देतो. हा व्यवहार एकाच संगणकाच्या पोटात होण्यास काहीच अडचण नाही. जगातील पहिला वेब सर्व्हर टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत चालविला, तो त्यांच्या टेबलावरच्या नेक्स्ट संगणकावर. हा संगणक सर्व्हर आहे, बंद करू नये, अशी तांबड्या शाईतली चिठ्ठी त्यावर चिकटवलेली होती. कोणी सहज बटण दाबले असते तर त्या वेळचे सारे वेब विझले असते!

आपल्या संगणकावर सर्व्हर बसविण्यासाठी एक्सॅम्प नावाचे मोफत पॅकेज मिळते. २००२ पासून ते वापरात आहे. त्याच्या नावातच त्याचा संसार आहे: अपाचे हा पाने देणारा सर्व्हर, मारियाडीबी हे माहिती साठवणारे कोठार, पीएचपी आणि पर्ल या दोन भाषा. पहिले अक्षर सांगते की विंडोज, लिनक्स, मॅक असे काहीही असले तरी चालेल. पूर्वी कोठाराच्या जागी मायएसक्यूएल होते. मायकेल विडेनियस यांनी त्याचे नाव आपल्या थोरल्या मुलीवरून ठेवले, आणि त्यातूनच फुटून २००९ साली निघालेल्या मारियाडीबीचे धाकटीवरून. आपल्याकडे बैलगाडीवर आणि ट्रॅक्टरवर मुलांची नावे घालतात, त्यातलाच हा प्रकार.

पीएचपीची फाइल दोनदा क्लिक करून उघडली तर पान दिसत नाही. आतला मजकूर कच्चाच समोर येतो, किंवा फाइल नुसती उतरून घेतली जाते. कारण ती वाचून अमलात आणणारा कोणी मध्ये नसतो. तीच फाइल एक्सॅम्पच्या एचटीडॉक्स या फोल्डरमध्ये ठेवावी, अपाचे सुरू करावा आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट असे लिहावे. आता अपाचे ती फाइल पीएचपीकडे सोपवतो, पीएचपी कोठारातून शब्द काढून पान रचते, आणि तयार पान तेवढे ब्राउझरच्या हाती पडते. स्वयंपाकघरात काय शिजले ते पंगतीला दिसत नाही.

लोकलहोस्ट म्हणजे हाच संगणक. त्याचा आकडी पत्ता १२७.०.०.१. १२७ ने सुरू होणारे सर्वच्या सर्व पत्ते, म्हणजे एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक, जगभर याच एका कामासाठी राखून ठेवले आहेत. या पत्त्यावर पाठवलेले काहीही यंत्राबाहेर पडत नाही. त्यामुळे इंटरनेट लागत नाही, डेटा संपत नाही आणि जागेचे भाडेही पडत नाही. आमच्या गावात वीज गेली की टॉवरची रेंजही जाते. लॅपटॉपची बॅटरी टिकेल तोवर माझे काम मात्र चालू राहते. एका मैत्रिणीने आपले पान पूर्ण झाल्याच्या आनंदात मला लोकलहोस्टचा दुवा पाठवला. तो मी उघडला, तेव्हा अर्थातच माझेच पान उघडले.

आता मुख्य गोष्टीकडे वळते. तालमीत तपासायचे काय? रंग आणि चित्रे नंतर पाहता येतील. मराठीत काम करणाऱ्याने आधी अक्षरे पाहावीत. युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते. ‘शब्द’ या शब्दात श, ब, हलन्त आणि द अशी चार चिन्हे. म्हणजे बारा बाइट. मायएसक्यूएलचे कोठार मात्र २०१८ साली ८.० ही आवृत्ती येईपर्यंत, काही न सांगता उघडले तर, लॅटिन-१ ही लिपीव्यवस्था धरून चालत असे, आणि क्रम लावी तो स्वीडिश पद्धतीने, कारण ती कंपनी स्वीडनमधली. लॅटिन-१ मध्ये एकूण २५६ जागा आहेत. देवनागरीला त्यांत एकही नाही. जुन्या पद्धतीने घडवलेली कोठारे आजही पुष्कळ ठिकाणी चालू आहेत, म्हणून मी मुद्दाम तसे एक कोठार तयार केले आणि त्यात ‘थारोळे’ हा शब्द भरला. परत मागितला तेव्हा सहा प्रश्नचिन्हे आली.

ही प्रश्नचिन्हे म्हणजे दिसण्यातला दोष नव्हे. फॉन्ट बदलून ती दुरुस्त होत नाहीत. कोठाराला जे ठेवता आले नाही त्याच्या जागी त्याने खरोखरच प्रश्नचिन्ह लिहिलेले असते. मूळ शब्द तेथे नसतोच. सेटिंग कडक असेल तर कोठार शब्द घेण्यासच नकार देते, आणि ते पुष्कळ बरे. माझ्या वहीत थारोळे होते, मी ते पुन्हा लिहिले. परंतु कोणी पंच्याऐंशी वर्षांची आजी नातवाला सांगेल, नातू मोबाइलवरून आपल्या संकेतस्थळावर तो शब्द भरेल, आणि त्या शब्दाची वही कोठेच नसेल. ती आजी पुढच्या वर्षी आपल्याला विचारायला सापडेलच असे नाही. म्हणून कोठार घडवतानाच त्याला यूटीएफ-८-एमबी-४ अशी लिपी सांगावी, पानालाही यूटीएफ-८ सांगावी, आणि दोघांमधल्या जोडणीलाही सांगावी. या तिसऱ्या जागेचा पुष्कळांना विसर पडतो.

तालमीत दुसरी एक गंमत सापडली. ‘बाळंतविडा’ हा शब्द संगणकाने ‘बावळट’च्या आधी लावला. मराठी वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो. युनिकोडच्या तक्त्यात मात्र तो ल च्या लगेच पुढे बसवला आहे, आणि कोठाराचा नेहमीचा क्रम त्याप्रमाणेच लागतो. शब्दकोशाला हे चालणार नाही. आम्ही क्रमासाठी वेगळा रकाना ठेवला असून त्यावर अजून वर्गात वाद चालू आहे.

तालमीत जे चालले ते प्रयोगात चालेलच, असे मात्र धरून चालू नये. विंडोजवर फाइलच्या इंग्रजी नावातले मोठे आणि लहान अक्षर एकच मानले जाते. बाहेरचे बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि तेथे ती दोन वेगळी नावे होतात. घरी दिसणारे चित्र तेथे अचानक गायब होते ते यामुळे. पानात कोठे लोकलहोस्टचा पत्ता राहून गेला असेल तर प्रत्येक वाचकाचा ब्राउझर ते चित्र वाचकाच्याच संगणकात शोधू लागतो. वर्डप्रेस वापरणाऱ्यांनी आणखी एक जपावे. त्याच्या कोठारात काही मजकुराशेजारी त्याची लांबीही नोंदलेली असते. पत्ता हाताने बदलला आणि लांबी तशीच राहिली तर ती नोंद वाचता येत नाही. त्यासाठी लांबीसकट बदल करणारी साधने मिळतात, तीच वापरावीत. घरच्या सर्व्हरवरून ईमेल पाठवण्याची चाचणीही सहसा जमत नाही, हे आधीच धरून ठेवावे.

आमचे वाचक मोबाइलवर वाचणार, म्हणून तेथेही पाहणे भाग होते. लॅपटॉप आणि फोन एकाच वायफायवर असले, तर लॅपटॉपचा त्या जाळ्यातला पत्ता, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा, फोनमध्ये लिहावा. फायरवॉलने अडवले नाही तर पान उघडते. मी आजोबांना ते दाखवले. त्यांनी ‘धाव’ची माझी व्याख्या वाचून घेतली आणि बैल उलटे मागे येतात ते तू लिहिलेच नाहीस, म्हणाले.

एक्सॅम्पच्या कोठाराचा मुख्य वापरकर्ता परवलीच्या शब्दाशिवायच उघडतो. घरात ते सोयीचे आहे, पण याच अवस्थेत तो संगणक बाहेरच्या जगाला जोडून त्यावरच संकेतस्थळ चालविण्याचा विचार कोणी करू नये. एक्सॅम्पचे कर्तेही तसेच सांगतात. प्रयोगासाठी वेगळी जागा घ्यावी, आणि जमल्यास तेथेच पण लोकांना न दिसणाऱ्या पत्त्यावर एक रंगीत तालीम करावी. आमची ती दिवाळीच्या सुटीनंतर आहे. शब्दांची वही तोपर्यंत ग्रंथालयाच्या कपाटात राहील.