शून्य आणि कोरी जागा

श्रोतेहो, एक साधा हिशेब करू. एका शेताचे निंदण एका बाईला बारा दिवस पुरते. दोघी आल्या तर सहा दिवस, चौघी आल्या तर तीन. आता सांगा, एकही बाई आली नाही तर किती दिवस? कोणी चटकन म्हणेल, "शून्य!" पण शून्य दिवस म्हणजे काम आताच झाले की हो! खरे उत्तर असे की, या प्रश्नाला उत्तरच नाही.

हा पेच जुना आहे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये शून्याला शून्याने भागून शून्यच येते असे लिहिले. ते आज मान्य नाही. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' असे वेगळे नावच दिले. तिच्यात काही मिळवा की वजा करा, ती बदलत नाही असे ते सांगतात.

आज हाच पेच संगणकापुढे येतो. समजा, कामरगावच्या शाळेतला एखादा मुलगा पायथन भाषेत 'एक भागिले क्ष' याचा आलेख काढतो आहे. संगणक वक्ररेषा ओळखत नाही. तो ठिपके मांडतो आणि शेजारचे ठिपके रेघेने जोडतो. क्ष उणे ०.०५ असता उत्तर येते उणे वीस, अधिक ०.०५ असता अधिक वीस. मधल्या शून्यावर ठिपका नसला, तर संगणक हे दोन्ही बेधडक जोडतो. कागदावर एक उभी रेघ दिसते, आणि मुलाला वाटते की ती आलेखातलीच आहे. नदीवर पूल नसताना नकाशात पूल काढावा, तसे हे झाले.

मग उपाय काय? १९८५ साली संगणकी गणिताचे जे प्रमाण ठरले, त्यात 'नॅन' नावाची एक खूण आहे. तिचा अर्थ, 'ही संख्याच नव्हे'. जिथे उत्तर नाही तिथे ही खूण ठेवावी. आलेख काढणारी मॅटप्लॉटलिब तेथे रेघ तोडते. शून्याच्या अगदी जवळची उत्तरेही अशीच कोरी करावीत, म्हणजे खोटी रेघ जाते. ऋण संख्येच्या वर्गमुळालाही हीच रीत. एक मात्र ध्यानात ठेवा: नॅन स्वतःशीही बरोबर ठरत नाही. म्हणून 'बरोबर आहे का' असे विचारून ती सापडत नाही. त्यासाठी 'इझनॅन' ही वेगळी तपासणी आहे.

गुरुजी, हे केवळ संगणकाचे कौतुक नव्हे. चार दिवसांच्या पावसाची नोंद पाहा: २०, ३०, तिसऱ्या दिवशी मापक बिघडलेले, चौथ्या दिवशी १० मिलिमीटर. बिघाडाच्या जागी शून्य लिहिले, तर रोजची सरासरी १५ येते. जागा कोरी ठेवून तीनच दिवस धरले, तर २०. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. कोरी जागा म्हणजे आपल्याला ठाऊक नाही. कोरडवाहू शेतकऱ्याची पेरणी आणि पीकविम्याचा हिशेब अशाच आकड्यांवर उभे राहतात.

तेव्हा मुलांना आलेख शिकवताना एवढे जरूर सांगा: उत्तर नसेल तिथे जागा कोरी सोडावी. त्यात कमीपणा नाही. खोटी रेघ ओढण्यात आहे.