रिपोर्ट चांगला आला, तरी डोळे का तपासायचे?

बाळ एनआयसीयूतून (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून) घरी आलं की घरातल्या थोरांचा सल्ला ठरलेला: बाळंतिणीला गाजर द्या, शेवग्याची भाजी द्या, बाळाची नजर तेज होईल. भाजी आईने खावीच. पण सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाच्या दृष्टीला मोठा धोका असतो तो आरओपीचा (रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी, म्हणजे वेळेआधी जन्मल्याने होणारा डोळ्याच्या पडद्याचा आजार), आणि तो गाजराने टळत नाही.

डोळ्याच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या मधून कडेकडे वाढत जातात आणि नऊ महिने भरता भरता तिथे पोचतात. बाळ आधीच जन्मलं की हे काम अर्धवट राहतं. जादा ऑक्सिजनने वाढ थबकते, मग रक्ताविना राहिलेल्या पडद्यावर नाजूक, वेड्यावाकड्या वाहिन्या फुटतात आणि पडदा ओढला जाऊन सुटू शकतो. बाहेरून यातलं काहीच दिसत नाही. बाळ टकमक बघत असतं.

मग गाजरातून मिळणाऱ्या अ जीवनसत्त्वाचा संबंधच नाही का? आहे. अंधारात दिसण्यासाठी पडद्याला ते लागतंच. यकृतातला त्याचा साठा मुख्यतः गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत होतो, म्हणून ही बाळं रित्या कोठाराने जन्मतात. सलाईनमधून दिलं तर त्यातलं बरंच प्लॅस्टिकच्या नळीला चिकटतं, उजेडाने नासतं. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या ग्लासगोतल्या एका चाचणीत त्याची इंजेक्शनं दिलेल्या बाळांचा पडदा मंद उजेडाला अधिक चांगला प्रतिसाद देत होता. म्हणजे पडद्याचं काम सुधारलं; पण म्हणून आरओपीची तपासणी टळत नाही.

रक्तातल्या अ जीवनसत्त्वाचा रिपोर्ट चांगला म्हणजे डोळे सुरक्षित, हा गैरसमज सुशिक्षित घरांत जास्त दिसतो. रेटिनॉल (रक्तातलं अ जीवनसत्त्व) लिटरमागे 0.70 मायक्रोमोलपेक्षा कमी म्हणजे कमतरता, असं धरतात. पण साठा बराच घटेपर्यंत यकृत रक्तातली पातळी सांभाळून घेतं. उलट जंतुसंसर्ग झाला की साठा असूनही आकडा घसरतो. त्यामुळे सीआरपी (जंतुसंसर्गाचा अंदाज देणारी रक्तचाचणी) न बघता एकट्या आकड्यावर विसंबणं मला धोक्याचं वाटतं. आणि आकडा कितीही चांगला असला, तरी रक्तवाहिन्या कुठवर पोचल्या हे तो सांगत नाही.

‘अ जीवनसत्त्वाचा सरकारी डोस आहेच की, तो आधीच देऊ’ असंही ऐकू येतं. तो एक लाख युनिटचा डोस नऊ महिन्यांच्या बाळासाठी आहे. इवल्याशा बाळाला मनाने दिला तर उलट्या होतात, टाळू फुगू शकते.

भारतात 34 आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या बाळाचे डोळे जन्मानंतर 30 दिवसांच्या आत तपासायचे असतात. 28 आठवड्यांआधीच्या किंवा 1200 ग्रॅमहून कमी वजनाच्या बाळाचे दोन ते तीन आठवड्यांतच. बाहुली मोठी करणारे थेंब घालून डॉक्टर पडद्याची कड बघतात. पहिली तपासणी नॉर्मल आली म्हणून थांबायचं नाही. रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोचल्या असं डॉक्टर सांगेपर्यंत, ते देतील त्या प्रत्येक तारखेला जायचं. आरओपीवर लेसरचे उपचार लागलेच, तर हाताशी दोन-तीन दिवसच असतात.