उंबरठ्यावर अडलेला खेळ

सुटींत आमच्या घरीं आलेला नातू एके दुपारीं हातांतील यंत्राकडे पाहत डोळे पुशीत होता. विचारतां म्हणाला, "आजोबा, यांतली आई गेली." व्हिडिओ-खेळ म्हणजे गोळीबार आणि धांवपळ, अशी आमची आजवरची समजूत, खेळांत आई मरते व खेळणारें मूल रडतें, हें आम्हांस नवीन होतें. अधिक चौकशीअंतीं कळलें, कीं तो खेळ जपानी असून मालकांनीं तो जपानाबाहेर कधींच विकलेला नाहीं. नातू खेळत होता तें इंग्रजी रूप कोणा हौशी मंडळींनीं परस्पर तयार केलेलें. "म्हणजे चोरीच कीं!" असें आम्ही शिक्षकी संवयीनें बोलून गेलों. नातू रुसला. त्यानें खाऊचे पैसे सांठवून जपानांतून मूळ कार्ट्रिज मागविलें होतें, हें आम्हांस मागाहून समजलें. तेव्हां प्रायश्चित्त म्हणून आम्ही या प्रकरणांत शिरलों.

खेळाचें नांव 'मदर ३'. काढणारी कंपनी क्योतोची निंटेंडो. ही १८८९ सालीं फुलांच्या चित्रांचे पत्ते करण्यासाठीं निघाली होती. कर्ते शिगेसातो इतोई, जाहिरातींचीं वाक्यें लिहिण्यांत नांवाजलेले गृहस्थ. मालेंतील पहिला खेळ १९८९ चा, दुसरा १९९४ चा आणि तिसरा २० एप्रिल २००६ चा. पैसा म्हणजे काय हें ज्यास ठाऊक नाहीं अशा एका खेड्यांत लूकस व क्लाउस हे जुळे भाऊ राहतात. आरंभींच आई मरते, एक भाऊ नाहींसा होतो. मग डुकरांचे मुखवटे घातलेलें सैन्य येतें, त्याच्यामागून पैसा व 'सुखाच्या पेट्या' येतात, आणि बघतां बघतां शेजाऱ्यास शेजारी परका होतो. जुळ्यांचीं नांवें इतोईंनीं आगोता क्रिस्तोफ यांच्या कादंबरीत्रयींतून घेतलीं. ही बाई हंगेरींत जन्मली, लिहिती झाली फ्रेंचमध्यें, आणि तिचें पुस्तक जपानींत जाऊन पोंचलें. पुस्तकास वाट मिळाली. त्या पुस्तकावरून नांवें घेतलेला खेळ मात्र उंबरठ्यावर अडला. कां?

संस्कृत शिकविण्यांत जन्म गेल्यामुळें आमचा पहिला तर्क श्लेषाकडे धांवला. एका शब्दांत दोन अर्थ गुंफणारी रचना दुसऱ्या भाषेंत उतरत नाहीं. इतोईंची भाषाही तशीच खट्याळ, म्हणून भाषांतरकारानें हात टेकले असतील. परंतु हा तर्क टिकत नाहीं. मालेंतील दुसरा खेळ १९९५ सालीं 'अर्थबाउंड' या नांवानें अमेरिकेंत गेलाच होता. त्यासाठीं रुग्णालयांवरील क्रूस पुसले, मद्यगृहांचीं कॉफीगृहें केलीं, स्वप्नभूमींत उघडा हिंडणाऱ्या नायकास झोपेचे कपडे चढविले. एवढा सोंवळेपणा पाळून तो खेळ जाडजूड खोक्यांत, मार्गदर्शक पुस्तकासह विकावयास काढला. जाहिरात मात्र अशी, कीं हा खेळ घाण मारतो. आणि सोबत खरवडून हुंगावयाचे दुर्गंधी कागद! अमेरिकेंत सुमारें एक लाख चाळीस हजार प्रती खपल्या. मारवाड्याच्या वहींत हा आंकडा एकदां पडला, कीं पुढच्या भावंडाचें लग्न अवघड होतें.

पहिल्या खेळाची कथा तर आम्हांस फारच लागली. त्याचें इंग्रजी भाषांतर १९९० सालींच पुरें झालें होतें. तें कपाटांत पडून राहिलें, आणि मालकांच्या हातून बाहेर आलें २०१५ च्या जूनमध्यें. आम्हीं तरुणपणीं एका संस्कृत नाटकाचा मराठी अनुवाद करून एका प्रकाशकांकडे दिला होता. अकरा वर्षांनीं, तें नाटक अभ्यासक्रमांतून गेल्याचें कारण देऊन, त्यांनीं तो परत केला. बाडाची दोरी आम्हीं बांधली होती तशीच होती. असो.

तिसऱ्या खेळाचें मुख्य विघ्न यंत्राचें. पुस्तकास डोळे पुरतात. खेळास त्याचें ठराविक यंत्र लागतें. हा रचला होता गेम बॉय अ‍ॅडव्हान्ससाठीं, आणि त्या यंत्राचा वारस २००४ पासूनच बाजारांत गाजत होता. त्यांतून जपानी अक्षरें सारख्या मापाच्या चौकटींत बसतात. इंग्रजी मजकूर लांबतो, अक्षरेंही कमीअधिक रुंदीचीं, म्हणून नुसतें भाषांतर करून भागत नाहीं, आंतील आज्ञावलीही उकलून पुन्हां बसवावी लागते. पुढें तपासणी, कार्ट्रिजें आगाऊ घडविणें, जाहिरात. आणि हें सगळें मावळत्या यंत्रासाठीं. निंटेंडोच्या अमेरिकन शाखेचे माजी अध्यक्ष रेजी फिल्स-एमे यांनींही पुढें हेंच सांगितलें, कीं अडचण मजकुराची नसून व्यापाराची होती.

दुसऱ्या कित्येक खेळांस हक्कांचे कज्जेही नडतात. कॅपकॉम कंपनीच्या 'दाइ ग्याकुतेन साइबान' या २०१५ च्या जपानी खेळांत शेरलॉक होम्स आहे. होम्सच्या अखेरच्या गोष्टींवर अमेरिकेंत २०२२ अखेरपर्यंत हक्क चालू होता. इंग्रजी आवृत्ती २०२१ सालीं आली, तींत तो 'हरलॉक शोम्स' होऊन अवतरला. हीच अदलाबदल फ्रेंच लेखक मोरीस लब्लां यांनीं शंभर वर्षांपूर्वीं केली होती, हें कळल्यावर आम्ही मोठ्यानें हसलों.

आतां त्या हौशी मंडळींविषयीं. क्लाइड मॅंडेलिन या व्यवसायानें भाषांतरकार असलेल्या गृहस्थाच्या पुढारपणाखालीं त्यांनीं २००६ च्या नोव्हेंबरांत काम आरंभिलें. संहिता सुमारें हजार पानांची. १७ ऑक्टोबर २००८ रोजीं ती पुरी करून त्यांनीं विनामूल्य खुली केली; आठवड्यांत लाखांहून अधिक प्रती उतरवून घेतल्या गेल्या. यांत ध्यानांत घेण्याजोगें असें, कीं त्यांनीं मूळ खेळ वांटला नाहीं, वांटली ती केवळ बदलांची पुरवणी. आमचे जुने टीकाकार मूळांतील शब्दांचें नुसतें प्रतीक देऊन टीका लिहीत. संहिता ज्याच्या पोथ्यांत असेल त्यासच ती उपयोगी पडे. हा त्यांतलाच प्रकार. अनेकांनीं मूळ फुकट लांबविलें असेल, तें आम्ही नाकारीत नाहीं. पण तो दोष टीकाकाराचा नव्हे. २०१३ सालीं मॅंडेलिन यांनीं आपलें सारें काम कंपनीस मोबदल्याशिवाय देऊं केलें. तें घेतलें गेलें नाहीं.

कायदा मालकाच्या बाजूस आहे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु २०२२ सालीं पहिले दोन खेळ निंटेंडोच्या नव्या यंत्रावर जगभर दिले गेले, आणि २०२४ च्या फेब्रुवारींत त्याच यंत्रावर तिसराही आला. मात्र केवळ जपानांत. यंत्राची सबब तेथें उरलेली नाहीं. जो माल विकावयाचाच नाहीं, त्याच्या विक्रीचें नुकसान कोणतें, हा नातवाचा प्रश्न आम्हीं वकील असलेल्या व्याह्यांपुढें ठेवला. ते बराच वेळ पान जुळवीत बसले.

नातवानें मात्र मालकांची वाट पाहण्याचें सोडून जपानी मुळाक्षरांचें पुस्तक आणलें आहे. पहिलें पान उघडून आम्ही थक्क झालों. अ इ उ ए ओ. खालीं क, स, त, न, ह, म, य, र, व! बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अध्ययनांतून हा क्रम तिकडे रुजलेला. 'चोर' म्हटल्याबद्दल आम्हीं त्याची क्षमा मागितली, व त्याचे विद्यार्थी झालों. रोज सकाळीं चहानंतर पाटी घेऊन बसतों. तो 'म'च्या ओळीस पोंचला. आम्ही अजून 'त'वर आहों, आणि तेंही चुकतें.