सोऱ्या गेला मातीकामाला!

मैत्रिणींनो, मातीकामाचं नाव काढलं की पहिला प्रश्न येतो, ‘चाक आहे का तुमच्याकडे?’ नाही बाई. चाक नाही, भट्टी नाही आणि हत्यारांचा विकतचा संचही नाही. मागच्या पडवीतलं एक जुनं स्टूल आणि दुपारचे दोन तास, एवढंच माझं भांडवल. आमच्या गावात असले क्लास नाहीत, आणि शहरातल्या क्लासची फी ऐकली की हौस जागच्या जागी विरते. पण घरात जरा नजर फिरवली तर निम्मी हत्यारं स्वयंपाकघरात आणि शिवणाच्या डब्यात आधीच पडलेली असतात.

सगळ्यात कामाचा निघाला तो सोऱ्या. जाड भोकाची चकती लावायची, मऊ मळलेली माती भरायची आणि दाबायचं. हाताने वळलेली वळी कुठे जाड, कुठे बारीक होते. सोऱ्यातली एकसारखी पडते. वळीवर वळी चढवत नेली की कुंडी, फुलदाणी, काय हवं ते उभं राहतं. जोडताना दोन्ही बाजू काट्याने ओरखडायच्या आणि मधे मातीचीच घट्टसर राबडी लावायची, नाहीतर वाळताना सांधा उकलतो. आमच्या सासूबाईंनी हा प्रकार पाहिला आणि म्हणाल्या, ‘अगं, तो सोऱ्या आता चकलीला परत आणायचा नाही हं!’ खरंच आहे त्यांचं. मातीत गेलेली वस्तू पुन्हा स्वयंपाकघरात नको. त्यांचा डबाच वेगळा ठेवा.

ताटली किंवा चौकोनी डबी करायची तर लाटणं. माती जुन्या सुती साडीच्या तुकड्यावर लाटायची, म्हणजे चिकटत नाही. दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवल्या की लाटणं त्यांच्यावर टेकतं आणि जाडी आपोआप सारखी येते. हे नखरे नव्हेत बरं का! पातळ भाग आधी वाळतो, आधी आकसतो, जाड भाग मागे राहतो, आणि मधे तडा जातो. वाळून-भाजून वस्तू साधारण एक दशांश लहान होते. म्हणून झाकण करायचं असेल तर भांड्याबरोबर, त्याच मातीचं करा.

बाकी मग किरकोळ. मातीचा गोळा कापायला गळाचा नायलॉन दोरा, दोन टोकांना कोटाची मोठी बटणं. गुळगुळीत करायला घासलेला करवंटीचा तुकडा किंवा मुदत संपलेलं एटीएम कार्ड. कोरायला पेन्सिलीच्या थोटकाला बांधलेली हेअरपिन, टोचायला बुचात खोचलेलं दाभण. नक्षीसाठी जुन्या परकराची लेस ओल्या मातीवर दाबून बघा, काय सुंदर उठते!

भाजायचं मात्र घरी जमत नाही. केकचा ओव्हन फार तर अडीचशे अंशांपर्यंत जातो, आणि माती कायमची पक्की व्हायला सहाशेच्या पुढे जावं लागतं. तोवर पाण्यात टाकली की पुन्हा चिखल. त्यामुळे शेवटी कुंभारवाडा गाठावा लागतो. मीही तिथल्या एका वहिनींकडे जाते. बऱ्याच ठिकाणी बाईने चाकावर बसायचं नाही असा रिवाज आहे. माती चाळणं, मळणं, थापटून मडकं मोठं करणं, रंगवणं, बाजारात विकणं हे सगळं तिचं. कारागीर म्हणून नाव मात्र चाकावरच्याचं. मला हे खटकतं. कारण आजवर मला उपयोगी पडलेली सगळ्यात मोठी युक्ती या वहिनींनीच दिली. ‘ताई, गालाला लावून बघा. गार लागलं तर अजून ओलं आहे.’

ही परीक्षा टाळू नका. आत ओल राहिली तर भट्टीत तिची वाफ होते, वस्तू फुटते आणि शेजारची मडकीही फोडते. आपल्या हौसेच्या एका हत्तीपायी कुणाच्या तरी बाजाराच्या मालाचं नुकसान! म्हणून सुरुवातीला प्लॅस्टिकची पिशवी सैल घालून, मग सावलीत, चांगले दहा-पंधरा दिवस वाळवा. आणि भाजणावळ आधी ठरवून द्या. ‘असू द्या ताई, चार तुकडे काय जड होतात?’ असं वहिनी म्हणतात, पण सरपण त्यांना विकत आणावं लागतं.

घरच्यांसाठी दोन सूचना. ऑइलपेंट दिलेला पेला शोभेचाच. त्यात मुलांना दूध देऊ नका. आणि वाळलेल्या मातीची धूळ केरसुणीने उडवू नका, ती छातीला वाईट. ओल्या फडक्यानेच पुसा.

हात धुतलेलं पाणी मोरीत सोडलंत तर मोरी तुंबलीच समजा. बादलीत निवळू द्या, वरचं पाणी झाडांना घाला. तळाची माती जुन्या अभ्र्यात बांधून खुंटीला टांगली की दोन-तीन दिवसांत पुन्हा मळण्याजोगी होते.