कर्ण्यासमोरचा निपर

परवा माळा आवरताना वडिलांच्या तबकड्यांचं खोकं हाती लागलं. माझ्या शाळेच्या दिवसांत घरी फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर आला होता, त्या वेळी जमवलेल्या ह्या तबकड्या. जुन्या लेबलांवर तोच कुत्रा, कर्ण्यापुढे मान कलती करून बसलेला. आम्ही भावंडं त्या गरगर फिरणाऱ्या कुत्र्यावर डोळे लावून गाणी ऐकायचो. तो कुणाचा, हा प्रश्न तेव्हा कधी पडला नाही.

त्याचं नाव निपर. जन्म १८८४चा, इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा. आल्यागेल्याच्या पोटऱ्यांना चावे घ्यायची खोड, म्हणून हे नाव. त्याचा मालक मार्क बॅरॉड नाटकांचे पडदे रंगवी. १८८७ साली मार्क वारला. मागे शिल्लक म्हणावी तर फारशी काही नव्हती. कुत्रा आला लिव्हरपूलला चित्रकार भावाकडे, फ्रान्सिसकडे. फोनोग्राफ लावला की निपर कर्ण्याजवळ जाऊन बुचकळ्यात पडल्यासारखा ऐके, असं फ्रान्सिसने पुढे सांगितलं. कर्ण्यातला आवाज मेलेल्या मार्कचा होता, ही गोष्ट जगभर पसरली ती मागाहून. तिला पुरावा नाही.

मला मात्र दुसरीच गोष्ट अधिक लागते. निपर १८९५ मध्ये मेला आणि हे चित्र फ्रान्सिसने रंगवलं १८९८च्या सुमारास. कुंचला हाती घेतला तेव्हा समोर ना भाऊ होता, ना भावाचा कुत्रा.

चित्राला गिऱ्हाईक मिळेना. रॉयल अकादमीने परत पाठवलं. कुत्रे कुठे फोनोग्राफ ऐकतात, म्हणून यंत्रवाल्यांनीही वाटेला लावलं. काळा कर्णा उठून दिसत नाही, पितळी रंगवून पाहा, असं कुणी सुचवलं, म्हणून १८९९ साली फ्रान्सिस नमुन्याचा कर्णा मागायला लंडनच्या ग्रामोफोन कंपनीत गेला. तिथला व्यवस्थापक म्हणाला, फोनोग्राफच्या जागी आमचं यंत्र काढा, चित्र आम्ही घेतो. सौदा शंभर पौंडांचा ठरला. पन्नास चित्राचे, पन्नास हक्कांचे. उभा जन्म बँकेत कर्जाचे कागद तपासण्यात गेल्यामुळे ह्या आकड्यापाशी मी थबकलोच. तारण एवढं मोठं आणि रक्कम एवढीशी! पण घेणाऱ्याला तरी तेव्हा काय ठाऊक असणार? कंपनीने पुढे त्याला वर्षासन दिलं, हेही नोंदवायला हवं.

त्याच चित्राच्या चोवीस प्रती त्याने स्वतःच्या हाताने रंगवल्या. १९२४ साली तो गेला, तोवर भावाच्या कुत्र्याने त्याला सोडलं नव्हतं. मूळ चित्रावर तिरपा उजेड पडला की ग्रामोफोनच्या रंगाखालचा जुना फोनोग्राफ अजून दिसतो म्हणतात.

निपरला किंग्स्टन गावात पुरलं होतं. तिथे पुढे बँकेची शाखा उभी राहिली आणि भिंतीवर त्याच्या नावाची पाटी लागली. (आमच्या शाखेत कुत्रा शिरला की शिपाई काठी शोधायचा.)

तबकड्या पुसून ठेवल्या. खोक्याच्या तळाशी एक कॅसेटही निघाली, वर वडिलांच्या अक्षरात ‘ताईचं लग्न, १९८६’. पाहुण्यांच्या गलबल्यात मधूनमधून त्यांचं बोलणं त्यात असणार. टेपरेकॉर्डर दुरुस्त होऊन आठवडा झाला. दुकान कोपऱ्यावरच आहे. ‘आणला का?’ म्हणून सौ. रोज विचारते.

अजून आणलेला नाही.